चौक्याचा घाट लागंना

"ही सत्य घटना आहे" असं पहिल्याच ओळीत ठोकून देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही.

या पेजवर तर रोज एक सत्य घटना येते. रोज कुणाचा तरी मित्र अमावस्येला गाडीवरून चाललेला असतो. रोज पांढऱ्या साडीतली बाई त्याला लिफ्ट मागते. रोज तिचे पाय उलटे निघतात. साड्या नेसून हिंडणाऱ्या इतक्या बाया खरोखर असत्या, तर माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागली असती.

तेव्हा मी शपथ वगैरे घेत नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल खाली सरकावं. त्यांच्या जाण्यानं माझं भलंच होईल.

का, ते शेवटी सांगते.

घडलं ते गेल्या वर्षी, वैशाखात. हर्सूलच्या एका मंगल कार्यालयात. माझ्या मोनिकाच्या लग्नात.

रात्र नव्हती.

अमावस्या नव्हती.

लख्ख दुपार होती. अंगणात ठेवलेल्या पातेल्याला हात लावला तर चटका बसेल, असं ऊन.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. हळद उरकली होती. जेवणं झाली होती. मोनिका हिरवा चुडा भरून आतल्या खोलीत बसली होती. अडलं होतं ते एकाच माणसावाचून. तिच्या मामावाचून.

तिचा मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ कडुबा. फुलंब्रीजवळ आमचं माहेर आहे, तिथं त्याच्या म्हशी आहेत. आमच्यात मामानं आणलेली पिवळी साडी नेसून नवरी उभी राहते आणि मामाच तिला बोहल्यावर आणतो. कडुबानं बायको-पोरांना सकाळीच पुढं धाडलं होतं. तो एकटा मागं राहिला, कारण म्हैस अडली होती.

जेवणाच्या सुमारास त्याचा फोन आला. "आक्का, म्हैस मोकळी झाली. पारडू झालंय. लई गोड हाय. साडी घेतली, निघालोच बघ."

फुलंब्रीहून निघालं की चौका. चौक्याचा घाट उतरला की सावंगी. सावंगी सोडली की शहराच्या वेशीवरचं हर्सूल. सरळ रस्ता. कडुबा त्या रस्त्यानं त्याच्या छोट्या टेम्पोतून रोज शहरात दूध आणतो. मिसरूड फुटलं तेव्हापासून.

काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात लाइट गेली.

पंखे थांबले. डीजेवाला गप्प झाला. जनरेटरवाला डिझेल आणायला गेला तो गेलाच. एवढं मोठं वऱ्हाड हॉलमध्ये घामानं थबथबलेलं, आणि करायला काही नाही. आणि कुणाला काही करायला नसलं की एक माणूस हमखास बोलायला उभा राहतो.

तो माणूस म्हणजे सर्जेराव. नवऱ्या मुलाचा चुलता. म्हणजे माझा इवाई, व्याही म्हणा.

सर्जेराव भुतांच्या गोष्टींचं एक पेज चालवतो. म्हणे लाखावर लोक आहेत त्याच्यावर. शिवाय तो "गोष्ट कशी सांगावी" याचे वर्ग घेतो. गोष्ट सांगता येत नाही असं कळलेली माणसं पुढं काय करतात, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. तो त्या दिवशी सुटला.

"विहीणबाई," तो रुमालानं मान पुसत म्हणाला, "गोष्ट म्हणजे गळ असतो गळ. पहिल्या ओळीत हुक पाहिजे. मग सस्पेन्स. मग एंडिंगला ट्विस्ट. माणूस सुटता कामा नये."

"मासा सुटत नाही म्हणजे मासा ऐकतोय असं नसतं, इवाई," मी म्हणाले.

बायका हसल्या. तो नाही हसला.

"मग तुम्हीच सांगा एखादी. ऐकलंय, तुमच्या दुकानात बाया साडी न्यायला येतात आणि गोष्ट ऐकून साडी विसरून जातात."

हे मात्र खरं होतं. आणि मला ते ऐकून बरं वाटलं, हेही खरं.

माझ्या शेजारी आवडाआत्या बसली होती. माझ्या वडलांची बहीण. तिनं माझा पदर ओढला.

"उन्हाची गोष्ट नगं सांगू, पोरी. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो."

हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं. दिवसा पोरं गोष्ट मागत सुटली तर कामं कोण करणार? म्हणून कुणीतरी कामसू बाईनं काढलेली युक्ती. मला तरी असंच वाटत होतं.

"आत्या, कडुबाला डोळे बांधून सोडला तरी येईल तो," मी म्हणाले. "आणि तो चुकलाच तर टेम्पो येईल. टेम्पोला पाठ झालाय रस्ता."

सगळा हॉल हसला. मीही हसले.

आत्या हसली नाही. तिनं माझा पदर सोडून दिला.

आता मी काय सांगितलं ते ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

सर्जेरावाच्या गळाबिळावर माझा विश्वास नाही. माझी रीत साधी आहे. ऐकणाऱ्याला जे रोजचं ठाऊक असतं, ते सगळं त्याच्यासमोर मांडायचं. रस्ता, टपरी, झाड, दगड. सगळं जागच्या जागी. आणि मग त्यातलं एक काढून घ्यायचं. एकच. भूत आणायची गरज नसते. माणूस काढून घेतलेल्या जागेकडं बघत बसतो आणि तिथून हलत नाही.

मी सुरू केलं.

"एक माणूस होता. रोज एकाच रस्त्यानं शहरात जायचा."

"हं," वहिदा म्हणाली. माझ्या दुकानाला लागून तिचं बांगड्यांचं दुकान आहे. गोष्टीला हुंकार कसा द्यायचा हे तिला माहीत आहे. वाक्य पडलं की 'हं'. आमच्याकडं त्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही.

लहानपणी मला हुंकार द्यायचा कडुबा. आई शेंगा फोडत बसायची, मी गोष्ट सांगायची, तो 'हं' म्हणायचा. 'हं' थांबला की पोर झोपलं, गोष्ट बंद. हा कधी झोपलाच नाही. सांगता सांगता मीच झोपायची. जाग आली की हा डोळे टक्क उघडे ठेवून बसलेला. "आक्का, मग? मग?"

तर तो गोष्टीतला माणूस. निघाला एका दुपारी. वाटेत त्याची नेहमीची चहाची टपरी लागली. स्टोव्ह पेटलेला. चहा उकळतोय.

...चहावाला नाही.

"हं."

पुढं गेला. तारेवर कावळे बसलेले. चोच उघडतायत, मिटतायत.

...आवाज नाही.

"हं." आता आठ-दहा जणींचा.

पुढं गेला. रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड. दगड आहे, पांढरा रंग आहे, वर पिवळा पट्टा आहे.

...त्यावर अक्षर नाही. पुढचाही कोरा. त्याच्या पुढचाही.

आता हॉलमध्ये कुणी हातपंखासुद्धा हलवत नव्हतं. ज्या बाईचं बाळ रडत होतं तिनं बाळाच्या तोंडावर पदर धरला, बाळासाठी नव्हे, गोष्टीसाठी. सर्जेरावाचं तोंड उघडं होतं. सगळ्यांत मोठा 'हं' त्याचाच येत होता.

"त्याला वाटलं, आता घाट येईल. रोज येतो. घाट आला की आपलं शहर आलंच."

"हं!"

"घाट आला नाही. रस्ता सरळच चाललाय. तो स्वतःशीच म्हणाला, 'येईल आता.' आणि मागून..."

मी थांबले.

"मागून कुणीतरी म्हणालं... 'हं.'"

हॉलमध्ये एकाही माणसाच्या तोंडून हुंकार निघाला नाही.

आणि त्याच क्षणी लाइट आली. पंखे घरघरले. डीजे जिथं तुटला होता तिथूनच धडाडून सुरू झाला. दोन बायका किंचाळल्या.

"पुढं? विहीणबाई, पुढं काय?" सर्जेराव ओरडत होता.

"भाभी, ऐसा बीच में नक्को छोडो," वहिदा म्हणाली.

मी उठले, पदर खोचला. "उरलेली मग. चहाचं बघते."

मुद्दाम. त्या माणसाला तसंच लटकत ठेवण्यात जी मजा होती, ती मी का सोडू?

चहा झाला. कडुबा आला नाही.

नवरदेवाची घोडी आली. कडुबा आला नाही.

मी फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. मग त्याचाच आला.

"आक्का." त्याचा आवाज नेहमीसारखा होता. थोडा चिडलेला. "चौक्याचा घाट लागंना."

"म्हणजे?"

"म्हंजी लागंना. मघाधरनं गाडी चालवतोय. आत्तापर्यंत तीनदा हर्सूलला आलो असतो."

"अरे, रस्त्याचं काम चालू असेल. वळवला असेल तुला भलतीकडं. कुणाला तरी विचार."

"कुणाला इचारू? टपरीवर थांबलो व्हतो. च्या उकळतोय." तो जरासा हसला. "...माणूस नाय."

माझ्या हातातली चहाची किटली मी खाली ठेवली.

ठेवली की सुटली, आठवत नाही.

कडुबा हॉलमध्ये नव्हता. त्यानं गोष्ट ऐकली नव्हती. कुणी व्हिडिओ केला नव्हता, कारण सगळे अर्धमेले घामात बसले होते. मी त्याच्या बायकोला विचारलं, तू फोन केला होतास का त्याला? ती म्हणाली, नाही वन्सं, मी तर तुमचंच ऐकत होते.

माझा दीर सोमनाथ मोटारसायकल काढून निघाला. फुलंब्रीच्या बाजूनं सगळा रस्ता बघत गेला. त्याचा फोन आला, "वहिनी, कडुभाऊच्या घराला कुलूप हाय. टेम्पो नाय. येताना सगळीकडं बघितलं. आता परत चौक्यात आलोय, टपरीवर थांबलोय."

"चहावाला आहे तिथं?" मी विचारलं.

"हाय की. आत्ताच कप दिला त्यानं. का वं?"

दुसऱ्या हातात माझ्या नवऱ्याचा मोबाइल होता. त्याच्यावर कडुबा.

"कडुबा, तू कुठं आहेस?"

"टपरीसमोरच की. पुन्यांदा तीच आली, आक्का. चौक्याची. पत्र्यावर निळा रंग हाय बघ, तीच. भांडं उकळून उकळून करपलंय आता."

एका कानात चौक्याची टपरी. दुसऱ्या कानात चौक्याची टपरी.

एकीकडं सोमनाथ चहा फुर्र करून पीत होता. कुणीतरी सुटे पैसे मागत होतं. ट्रकचा हॉर्न वाजला.

दुसरीकडं... काहीच नाही. वारासुद्धा नाही.

"कडुबा, कावळे दिसतात का रे?"



"तुला कसं ठावं?"

आता सांगते, अशा वेळी माणसं किती हुशारीनं बोलतात. नवऱ्याकडचा एक म्हातारा म्हणाला, मामा प्यायला असेल. एक शिकलेला पोरगा म्हणाला, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. कुणी म्हणालं, म्हशीच्या विटाळाचं आहे. एक बाई हळूच म्हणाली, साडी आणायची ऐपत नसेल म्हणून टाळत असेल. ती साडी कडुबानं दिवाळीतच आणली होती. फॉल मीच लावला होता.

आत मोनिका, जेवढं कानावर आलं होतं तेवढ्यावरूनच, रडत होती. "मामा आल्याशिवाय मी उठणार नाही. मुहूर्त गेला तर जाऊ दे."

ऊन उतरायला लागलं होतं.

आणि सर्जेराव. तिकडं माझीच गोष्ट घडतेय, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, आणि मला वाटलं, आता तरी हा माणसासारखं बोलेल.

"विहीणबाई," तो म्हणाला, "स्पीकरवर टाका ना फोन. मी रेकॉर्ड करतो."

मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या मागं अर्धं वऱ्हाड गोळा झालं होतं. मघाशी गोष्ट ऐकताना होते तसेच चेहरे. तोंडं उघडी. कुणी जागचं हलत नव्हतं.

फोनवर कडुबाचा आवाज बारीक झाला होता.

"आक्का, दगडांवर आकडं नायत."

"माहीत आहे मला. तू गाडी थांबवू नको."

"आक्का... टेम्पोत मागं दुधाच्या रिकाम्या क्याना हायत नुस्त्या. मी बघितलं दोनदा." तो कुजबुजत होता. "पर मी बोललो की... कोण तरी..."

"बोलू नको!" मी ओरडले. "तोंड उघडू नको. नुसतं ऐक."

"मागं कोण आहे? विचारा ना, कोण आहे!" सर्जेराव माझ्या कानाशी फुसफुसला. मोबाइल त्यानं माझ्या तोंडासमोर धरला होता. "बाई आहे का?"

माझा भाऊ तिकडं कुठंच नसलेल्या रस्त्यावर होता, आणि याला बाई पाहिजे होती.

सगळ्यांनाच पाहिजे होती. मी त्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. एकालाही कडुबा परत यायला नको होता. मुद्दाम नाही, वाईट मनानं नाही. पण आत्ताच नको होता. अजून थोडं. अजून एक काहीतरी. मग येऊ दे.

मीच धरलं होतं यांना. आणि त्याच मुठीत माझा कडुबा होता.

मला गुळमुळीत शेवटांचा तिटकारा आहे. मग तो घरी आला आणि सुखानं राहिला, असं ऐकलं की मला सांगणाऱ्याची कीव येते.

मी फोन स्पीकरवर टाकला आणि आयुष्यातली सगळ्यांत भिकार गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"मघाची गोष्ट उरली होती. ऐका. त्या माणसाला मागून 'हं' ऐकू आला. त्यानं वळून बघितलं. काही नव्हतं. क्यान वाजली होती."

"क्यान?" सर्जेराव म्हणाला.

"क्यान. मग तो पुढं गेला. चौक्याचा घाट आला. तो घाट उतरला. मग सावंगी आली. सावंगीत त्याला ओळखीचा एक माणूस भेटला. त्यानं विचारलं, काय म्हणता? हा म्हणाला, काही नाही. तो म्हणाला, ऊन फार आहे. हा म्हणाला, फार आहे."

पोरं चुळबुळायला लागली. मागं कुणीतरी खुर्ची सरकवली.

फोनवरून 'हं' आला. दमलेला, बारीक. कडुबाचा लहानपणीचाच तो. मला गलबलून आलं, पण मी आवाज सपाट ठेवला.

"मग हर्सूलचं तळं आलं. तळ्यात पाणी होतं. थोडं होतं. मग तो घरी आला. त्यानं क्याना उतरवल्या. एक क्यान धुतली. मग दुसरी धुतली. मग तिसरी. तिला जरा वास येत होता, म्हणून चिंचेनं घासली."

"हे काय चाललंय?" कुणीतरी म्हणालं. आइस्क्रीमचा काउंटर उघडला होता. पोरं तिकडं पळाली. त्यांच्या मागं त्यांच्या आया गेल्या.

"मग बायकोनं विचारलं, भाजी काय करू? तो म्हणाला, कर काहीपण. ती म्हणाली, वांगी आहेत. तो म्हणाला, वांगी कर."

"बस? खाया-पिया, सो गया?" वहिदानं जांभई दिली. "भाभी, आपका दिमाग ठिकाने पे नई आज."

ती गेली. म्हातारे पंख्याखाली सरकले. दोघे तिघे मोबाइल काढून बसले.

उरला सर्जेराव. त्याचा हात अजून वर होता. आशा होती त्याला. शेवटी काहीतरी निघेलच.

"वांगी जरा खारट झाली," मी म्हणाले. "पण त्यानं खाल्ली. मग तो झोपला. मागं कुणी नव्हतं. कधीच नव्हतं. त्याला भास झाला होता. उन्हानं होतं असं."

सर्जेरावानं हात खाली घेतला.

"हे काय एंडिंग आहे का?" त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं आणि तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर दुसरं काहीतरी बघायला लागला. एक कुत्रं सायकल चालवत होतं.

आणि फोनमधून कडुबा ओरडला.

"आक्का! घाट! घाट आला, आक्का!"

ट्रकचा हॉर्न ऐकू आला. कावळे ऐकू आले. इतके घाणेरडे ओरडत होते, आणि मी ते ऐकून रडत होते.

"ये," मी म्हणाले. "ये बाबा. संपली गोष्ट."

"...हं."

कडुबा आला तेव्हा भटजी घड्याळ बघत होते. साडी छातीशी धरून तो धावत आत आला. मोनिकानं त्याच्या गळ्यात पडून त्याचा सदरा काजळानं माखला. पिवळी साडी नेसून ती उभी राहिली, त्यानं तिला बोहल्यावर आणलं, आणि लग्न लागलं. चांगलं लागलं. पोरगी सुखात आहे.

फक्त अक्षता टाकताना कडुबाची बायको माझ्या कानाशी आली.

"वन्सं, यांनी सकाळी दाढी केली होती. माझ्यासमोर. न्हावी घरी बोलावला होता लग्नासाठी म्हणून."

मी बोहल्याकडं बघितलं.

नवरीच्या मागं माझा भाऊ उभा होता. नवा फेटा, नवा सदरा.

...आणि गालांवर वाढलेली दाढी. एका दिवसाची नव्हे. चांगली वाढलेली. हनुवटीवर पांढरी.

फोटोत आहे. आल्बम माझ्याकडं आहे. सर्जेराव त्याच्या शेजारीच उभा होता. इतकी मोठी गोष्ट त्याच्या कोपराला लागून उभी होती, आणि तो कॅमेऱ्याकडं बघून केस नीट करत होता.

वरात गेल्यावर मी कडुबाला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला.

"घाबरला होतास ना? पण हुंकार मात्र सोडला नाहीस. तेवढ्यावर तर मला कळत होतं, तू आहेस म्हणून."

त्यानं पेला खाली ठेवला.

"मी कुठं हं म्हणलो, आक्का?"

मी हात मागं घेतला.

"तू तोंड उघडू नको म्हणलीस. मी दात आवळून बसलो व्हतो." तो माझ्याकडं बघत नव्हता. "हं मागनं येत व्हता. तुझ्या परत्येक वाक्याला. आन् एक सांगू का? ...समद्यांना कंटाळा आला आसंल. त्याला नाय आला. वांग्यापाशीसुदिक तो लई मन लावून ऐकत व्हता."

कडुबा अजून दूध आणतो. दुसरं काय करणार. दुपारी रस्त्यात असला की टेम्पोत मोठ्यानं गाणी लावतो आणि तोंडातून शब्द काढत नाही.

मी दुकानात गोष्टी सांगणं बंद केलं. बाया रुसल्या. काहीजणी साड्या दुसरीकडं टाकतात आता. टाकू द्यात.

सर्जेरावानं मात्र हीच घटना त्याच्या पेजवर टाकली. त्याच्या गोष्टीत अमावस्या आहे. चौक्याच्या घाटात पांढऱ्या साडीतली बाई आहे. कडुबाचं नाव त्यानं बदलून विकी केलंय. हजारो लोकांनी वाचली. खाली सगळे विचारतायत, पुढं काय झालं, पुढं काय झालं. ते वाचलं आणि मी मोबाइल पालथा ठेवला. कारण गोष्ट त्यानंही अर्धीच टाकलीय. उरलेली नंतर, म्हणे. माझ्याकडूनच शिकला.

म्हणून मी हे लिहायला बसले. दिवे लागल्यावर लिहिते. कुणाला वाचून दाखवत नाही. पण तुम्ही कधी वाचाल ते माझ्या हातात नाही. तुम्ही दुपारी जेवून, आडवं पडून वाचाल. त्या वेळी कडुबा रस्त्यात असतो.

तेव्हा शेवट ऐका.

चौक्याचा घाट येतो. मग सावंगी. मग हर्सूलचं तळं. कडुबा दूध घालतो, घरी जातो, क्याना धुतो. ते पारडू आता मोठं झालंय. वैरण खातं. बसतं. उठतं. पुन्हा बसतं.

यात ट्विस्ट नाही. मागं कुणी नाही. तुमचा वेळ फुकट गेला. तुम्हाला तर बोटाच्या एका झटक्यात दुसरीकडं जायची सवय आहे, एरवी चांगल्या गोष्टीसुद्धा अर्ध्यात टाकून जाता. जा आता.

संपली.

संपली म्हटलं ना मी.

...मग अजून कोण ऐकतंय?